हप्तेसाहेबांना अनावृत पत्र

प्रति,
मा. श्री. हप्तेसाहेब (ऊर्फ ईएमआय),
मुक्काम : दर महिन्याची ५ तारीख,
पोस्ट : आमचे बचत खाते.

विषय : १९८५ सालच्या प्रीमियर पद्मिनीसाठी आपणास पाच वर्षे घरी राहायला बोलावण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या वतीने या आठवड्यात आलेले अकरा फोन. २) घरातून मिळालेला तोंडी अभिप्राय.

महोदय,

स. न. वि. वि.

आपली आणि आमच्या घराण्याची ओळख जुनी आहे. मिक्सरच्या वेळी आपण सहा महिने राहून गेलात, फ्रिजच्या वेळी वर्षभर. मोबाइलच्या वेळी 'शून्य टक्के व्याज' असा झब्बा घालून आलात आणि जाताना 'प्रोसेसिंग फी' खिशात घालून गेलात. या मुंबईत आपले एक नामबंधूही आहेत. तेही महिन्याच्या महिन्याला येतात आणि स्वतःला 'हप्ता'च म्हणवतात. पण दुकान बंद दिसलं तर ते दोन दिवसांनी पुन्हा फेरी मारतात. आपण पगार झालेला नसला तरी ठरल्या दिवशी येता, रिकाम्या खात्यात हात घालता आणि हात रिकामा आला म्हणून दंड लावता.

तर, पत्रास कारण हौस.

कांदिवलीच्या चारकोपात आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे एका निवृत्त गृहस्थांच्या दारात ही पद्मिनी ताडपत्रीखाली उभी आहे. रंग मूळचा मोतिया असावा. आता मोतिया आणि गंज निम्मेनिम्मे आहेत. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने आपलं काम चोख केलं आहे. गृहस्थ दीड लाख मागतात. मी मिस्त्रीला घेऊन गेलो. त्याने टॉर्च मारला, फ्लोअरचा पत्रा अंगठ्याने दाबला आणि अंगठा आरपार गेला. "पत्रा, इंजिन, रंग धरून अजून दीड," तो अंगठा पुसत म्हणाला. एकूण तीन लाख. घरी येऊन हिला सांगितलं. ही कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, एवढ्या पैशांत चालणारी गाडी येते." संदर्भ क्रमांक दोन तो हाच.

हिचं बरोबर आहे. गाडीची गरज आम्हाला मुळीच नाही. डहाणूकरवाडीचं मेट्रो स्टेशन जवळ आहे आणि जानेवारी २०२३ पासून ती मेट्रो दहिसरहून थेट अंधेरी पश्चिमेला जाते. शिवाय आम्ही कांदिवलीकर रिक्षाने फिरणारे. काळी-पिवळी पद्मिनी आमच्या वाट्याला यायची ती पहाटेच्या विमानतळासाठी, नाहीतर रात्रीच्या इस्पितळासाठी. तिच्यात बसलो की डोळे मीटरवरून हलत नसत. प्रेमबीम काही नव्हतं. पण २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली, वर्तमानपत्रांत फोटो आले, आणि आमच्या पिढीला एकदम उमाळा आला. जिवंतपणी ज्यांच्याकडे गेलो नाही अशा आत्याच्या तेराव्याला सर्वांत मोठ्याने रडावं, तसा.

मी हिशेब मांडला. तीन लाख रुपये, दर १४ टक्के, मुदत पाच वर्षं. म्हणजे साहेब, आपण दरमहा ६,९८० रुपये खाणार आणि जाताना १ लाख १९ हजार व्याज घेऊन जाणार. गाडी मी फक्त रविवारी सकाळी काढणार : मार्वेपर्यंत, वाटेत एक चहा, परत. महिन्याचे ८० किलोमीटर. भागाकार केला तर किलोमीटरला ८७ रुपये पडतात, पेट्रोल वेगळं. रिक्षा पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये घेते, आणि तिला धक्का मारावा लागत नाही.

तरीही मी बँकेत गेलो. हौस भागाकाराने भागत असती तर पन्नाशीला टेकलेल्या माणसाने असलं पत्र लिहिलंच नसतं.

काउंटरवरच्या मुलीने आधी खुर्ची दिली, मग पाणी. गाडीचं वय विचारल्यावर "चाळीस" म्हणालो. तिने विचारलं, "सर, चार ना?" मी पुन्हा चाळीस म्हणालो तेव्हा तिने पाण्याचा ग्लास जरा आपल्याकडे ओढला. जुन्या गाडीला कर्ज मिळतं, पण कर्ज फिटेपर्यंत गाडी साधारण आठ-दहा वर्षांपेक्षा म्हातारी होता कामा नये, असा बहुतेक बँकांचा दंडक. बरोबर आहे. बँक गाडी तारण घेते, आठवण नव्हे. त्यापेक्षा नवी छोटी गाडी घ्या, सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, कर्ज दोन दिवसांत करून देते, असं ती कळवळून म्हणाली. मला नको असलेल्या वस्तूला स्वस्त कर्ज आणि हव्या असलेल्या वस्तूला महाग, ही आपल्या दरबारची रीत तिथे समजली.

मग वैयक्तिक कर्ज. हे फार सभ्य असतं. कशासाठी हवंय याची फारशी चौकशी करत नाही आणि त्या अबोलपणाचे पैसे लावतं. बाहेर पडताना फाटकापाशी एक एजंट भेटला. "बँकेत चौदा कशाला देता? आपल्याकडे नऊ टक्के. फ्लॅट." मी चारकोपकर. फ्लॅट म्हटलं की आधी आनंदच होतो. घरी येऊन कागदावर मांडलं. तीन लाखांवर नऊ टक्क्यांनी पाच वर्षांचं व्याज १ लाख ३५ हजार, हप्ता ७,२५० रुपये. फ्लॅट म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण तीन लाखांवर. घटत्या शिलकीच्या हिशेबाने तो 'नऊ' साडेपंधराच्या वर जातो. साहेब, एका नावाखाली दोन दर ठेवायची ही कला आपण कुठे शिकलात?

सोन्यावर कर्ज सर्वांत सोपं, असं कोणी तरी सुचवलं. मी हिच्या पाटल्यांकडे पाहिलं. हिने माझ्याकडे पाहिलं. विषय संपला. मुदत ठेवीवर एक-दोन टक्के जास्त देऊन कर्ज मिळतं, पण ती ठेव मुलीच्या शिक्षणाची आहे. तिच्यावर पद्मिनी उभी केली तर पत्रा तिथेही गंजेल. राहिली बायकांची भिशी. हिने आधीच जाहीर केलं आहे, की नंबर लागला की वॉशिंग मशीन.

तेव्हा मला लालबहादूर शास्त्री आठवले. हसू नका, साहेब. आपला त्यांच्याशी जवळचा संबंध आला होता. पंतप्रधान झाल्यावर घरच्यांच्या आग्रहावरून त्यांनी फियाट घ्यायची ठरवली. किंमत १२ हजार. खात्यात ७ हजार. उरलेल्या ५ हजारांसाठी देशाच्या पंतप्रधानाने पंजाब नॅशनल बँकेकडे कर्जाचा अर्ज केला. जानेवारी १९६६ मध्ये ते ताश्कंदला गेले, ते परतले नाहीत; आणि आपण मात्र घरी येतच राहिलात. ललिताबाईंनी ते कर्ज आपल्या निवृत्तिवेतनातून फेडलं. या गोष्टीतला साधेपणा सगळे सांगतात. मला त्यातले दोन आकडे दिसतात : बारातले सात आधी हातात होते, आणि उरलेले पाच घेणाऱ्याच्या मागे राहिले.

त्या काळी फियाट मिळणं हीच मुळात तपश्चर्या होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना घातला. १९६४ मध्ये तिथे फियाट ११०० डिलाइट आली, १९७४ च्या सुमारास तिचीच पद्मिनी झाली. परवानाराजमध्ये लोक नाव नोंदवायचे, पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षं गाडीची वाट पाहायचे. आता गाडी संध्याकाळी दारात येते आणि पैसे वर्षानुवर्षं भरायचे. कुर्ल्याच्या त्या जागेवर आज कोहिनूर सिटी उभी आहे. तिथल्या घरांसाठीही आपणच हजर असाल. आपल्याला जागा सोडायची सवय नाही.

एकदाच काय ते आमच्या बाबांनी आपल्याला मानाने बोलावलं होतं. १९८५ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीचा मुंबई नागरी विकास प्रकल्प आला. त्यात म्हाडाने चारकोपात रस्ते, पाणी, गटारं करून छोटे भूखंड दिले; घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचं. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर. आमच्या वाट्याला २५ चौरस मीटर आले. बाबांनी पतपेढीचं कर्ज काढलं ते भिंती आणि छपरापुरतं. पुढचं सगळं पैसे साठतील तसं. लादी दोन वर्षांनी, माळा चार वर्षांनी, वरचा मजला मी नोकरीला लागल्यावर. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही आमच्या घरात म्हण नव्हती, मोजमाप होतं. पतपेढीचा शेवटचा हप्ता फिटला त्या दिवशी बाबांनी पेढे आणले होते. मोठेपणी कळलं की ते पेढे आपल्या जाण्याचे होते.

त्याच पंचवीस चौरस मीटरला परवा मी टेप लावली. पद्मिनी सुमारे ३.९ मीटर लांब आणि दीड मीटरला किंचित कमी रुंद. म्हणजे पावणेसहा चौरस मीटर. बाबांनी उभ्या आयुष्यात मिळवलेल्या जमिनीच्या जवळजवळ पाव हिश्श्याएवढी. आमच्या गल्ल्या आखल्या तेव्हा दारात सायकल असेल असं गृहीत धरलं होतं. आई ओट्यावरून टेपकडे बघत होती. म्हणाली, "आत घेतोस का? देव वर ठेवू."

कागदपत्रांतही पद्मिनी आमच्यासारखीच अधल्यामधल्या वयात सापडली आहे. वीस वर्षांपुढच्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये ५ हजारांचं १० हजार झालं, आणि दर पाच वर्षांनी नव्याने तपासणी. 'व्हिंटेज' म्हणवून घ्यायला २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास पूर्ण लागतात. त्या मानाला ती २०३५ मध्ये पोचेल. तेव्हा २० हजार भरून नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतील आणि मग गाडी काढता येईल फक्त रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला. चारकोप मार्केटातून कोथिंबीर आणायला नाही. मधल्या काळात पेट्रोलमधलं २० टक्के इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खात राहील. यातलं काहीच आपल्या ६,९८० मध्ये बसत नाही. आपण फक्त गाडी घेऊन देता, साहेब. सांभाळायला येत नाही.

एवढं सगळं कळूनही ताडपत्रीचं टोक वाऱ्याने उडालं की मी त्या गल्लीत उभा राहतो. हौसेला मोल नसतं म्हणतात. खरं असेलही. पण आपण तिला चौदा टक्के लावलेत, तेव्हा मोल ठरलं. आता ते द्यायचं की नाही एवढंच माझ्या हातात आहे.

म्हणून निर्णय कळवतो. घराला, आजाराला, शिक्षणाला गरज पडली तर आपल्याला पुन्हा बोलावीन, बाबांसारखं मानाने. हौसेसाठी बोलावणार नाही. आपण दरमहा जेवढे खाणार होतात तेवढे, वरचे वीस रुपये धरून सात हजार, मी रिकरिंगमध्ये टाकायला सुरुवात केली आहे. साडेसहा टक्क्यांनी धरलं तरी सव्वातीन वर्षांत तीन लाख होतात. आपल्या संगतीत पाच वर्षं लागली असती आणि १ लाख १९ हजार व्याजात गेले असते ते वेगळेच. सात हजार बाजूला काढणं सव्वातीन वर्षं जमलं, तर गाडी परवडते. दिवाळीत किंवा गणपतीत मोडावं लागलं, तर ती परवडत नव्हती. आणि ते मला दारात गाडी नसताना, फुकटात कळेल.

गाडी तोवर जाईल अशी भीती होती. म्हणून त्या गृहस्थांना जाऊन विचारलं, सव्वातीन वर्षं थांबाल का? त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "या ना सावकाश. जातेय कुठे? सुरूच होत नाही."

कळावे, लोभ नसावा.

आपला न झालेला कर्जदार,
एक चारकोपकर

ता. क. : दुपारी एक ते तीन फोन करू नयेत. आई झोपलेली असते, आणि फोन तिने उचलला तर आपल्या फोनवरच्या मुलीला ती तासभर पतपेढीच्या पेढ्यांची गोष्ट सांगते.