काळ काही निवडत नाही

चांगलं पुस्तक काळाच्या कसोटीवर टिकतंच, असं व्यासपीठावरून कुणीतरी दरवर्षी सांगतं आणि सभागृह मान डोलावतं. मला हे साफ नामंजूर आहे. काळ पुस्तकं वाचत नाही. वाळवी, पावसाची ओल आणि रद्दीचा काटा यांना बरंवाईट कळत नाही. पुस्तक टिकतं, कारण ते टिकावं असं कुठल्यातरी एका माणसाला मनापासून वाटतं आणि तो त्यासाठी खपतो. मराठीतल्या ज्या पुस्तकांची नावं आपण छाती फुगवून घेतो, त्यांतली कितीतरी एकेका माणसाच्या हट्टामुळे आपल्या हाती लागली आहेत.

ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ घ्या. ताराबाई बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत कारकून आणि सत्यशोधक विचारांचे. 1881 साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशी सुनावली गेली. पुढे ती शिक्षा कमी झाली. त्या निमित्तानं वृत्तपत्रांत बायकांच्या नीतीवर जे काही छापून येत होतं, ते वाचून ताराबाईंचं डोकं फिरलं. 1882 साली पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यातून त्यांचं छोटेखानी पुस्तक निघालं. प्रती 500, किंमत नऊ आणे. पुराणातल्या देवांपासून तेव्हाच्या कादंबरीकारांपर्यंत कुणालाही त्यांनी सोडलेलं नाही. गद्य असं सणसणीत की, आज मोठ्यानं वाचलं तरी समोरचा पुरुष खुर्चीत सावरून बसतो. बोलीतला ठसका आणि मुद्द्याची धार एकाच वाक्यात सांभाळणारं असं लिखाण त्या शतकात दुसरं मला सापडलेलं नाही.

मग झालं काय? टीका झाली. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. आणि त्यानंतर शांतता. तब्बल 93 वर्षं. 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी हे पुस्तक शोधून पुन्हा छापलं, तेव्हा कुठे मराठी वाचकाला कळलं की, आपल्याकडे अशी एक बाई होऊन गेली. आज विद्यापीठांत ते शिकवतात, परदेशांत त्यावर प्रबंध होतात. मालशे त्या वाटेला गेले नसते तर? 500 प्रतींतली शेवटची प्रत कुठल्यातरी माळ्यावर भुगा होऊन गेली असती आणि आपण तरीही ‘चांगलं ते टिकतंच’ म्हणत बसलो असतो. ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्याकडे नाही. पहिल्याचं जे स्वागत झालं, त्यानंतर त्यांनी ते का लिहावं?

बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ याहून जवळचं. फलटणच्या या बाईंनी आपल्या दुकानात सामान बांधायला आलेले रद्दीचे कागद वाचून वाचनाची भूक भागवली. स्वतः लिहायला बसल्या ते नवऱ्यापासून आणि घरच्यांपासून लपवून. लिहिलेलं वर्षानुवर्षं दडवून ठेवलं. फलटणमध्येच राहून काम करणाऱ्या अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांच्या ते कानावर आलं, त्यांनी आग्रह धरला, ‘स्त्री’ मासिकात ते क्रमशः आलं आणि 1986 मध्ये पुस्तक झालं. महारवाड्यातल्या बायकांचं बाळंतपण, उपासमार, सासुरवास, अंगात येणं आणि बाबासाहेबांच्या शब्दानं उठून उभी राहिलेली वस्ती हे सगळं ‘मी’पेक्षा ‘आम्ही’च्या तोंडून सांगणारं हे आत्मकथन आहे. दलित आत्मकथनांची चर्चा ‘बलुतं’ आणि ‘उपरा’पाशी संपवणाऱ्यांनी हे पुस्तक वाचलेलं नसतं, असं मी बिनदिक्कत म्हणतो. ते दडवलेले कागद कुणी मागितलेच नसते, तर ते पुन्हा रद्दीतच गेले असते.

विष्णुभट गोडसे हे तर लेखक म्हणवून घेणारेही नव्हेत. पेणजवळच्या वरसईचे गरीब भिक्षुक. कर्ज फेडायला दक्षिणा मिळवावी म्हणून उत्तरेत गेले आणि नेमके 1857 च्या धुमश्चक्रीत सापडले. झाशीला इंग्रजांचा वेढा पडला, तेव्हा हा माणूस शहरात होता. तोफा, लूट, कत्तल, पाण्यावाचून तडफडणारी माणसं हे सगळं त्यांनी पाहिलं आणि लिहिलं. शेवटी हाती पैसा राहिला नाही, तरी आईवडिलांना स्नान घालायला गंगेची कावड मात्र घरी आणली. सेनापती आणि इतिहासकार यांना जे दिसत नाही ते भुकेल्या भिक्षुकाला दिसतं: धान्याचा भाव, धर्मशाळेतली भीती, राणीचा वेष. ‘माझा प्रवास’ 1907 साली चिं. वि. वैद्य यांनी प्रसिद्ध केलं, हे त्यांचे मोठेच उपकार. पण त्यांनी मजकुरात बरेच फेरफारही केले. गोडसेभटजींची खरी भाषा वाचायला दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये मूळ हस्तलिखितावरून केलेली आवृत्ती यावी लागली. म्हणून पुस्तक विकत घेताना संपादक कोण, आवृत्ती कोणती, हे बघा. प्रवास तोच असला, तरी सांगणारा आवाज बदललेला असू शकतो.

आणखी मागे जा. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी माणसामाणसाला गाठून, विचारून, पडताळून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं, ते 1278 च्या सुमारास. आजचे मुलाखतकार निम्मीसुद्धा मेहनत घेत नाहीत. पुढे परचक्रात मूळ पोथी गेली आणि अनुयायांनी आठवून आठवून ती पुन्हा उभी केली. म्हणून तर तिचे वेगवेगळे पाठ आहेत. नंतर सांकेतिक लिपींत ती शतकानुशतकं महानुभाव पंथात राहिली. ह. ना. नेने, वि. भि. कोलते अशा अभ्यासकांनी पोथ्यांत डोळे घातले, म्हणून मराठीतलं हे पहिलं मोठं गद्य आपल्यासमोर आहे. आणि काय गद्य! तीन-चार शब्दांची वाक्यं, मध्येच प्रश्न, मध्येच हसू. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीची माणसं समोर बसून बोलतात.

गोव्यात 1579 साली आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं ‘क्रिस्तपुराण’ही असंच. ख्रिस्ताची कथा त्यानं मराठी ओवीत घातली आणि 1616 मध्ये ती रोमन लिपीत छापली गेली. सतराव्या शतकात तिच्या तीन आवृत्त्या निघाल्याची नोंद आहे, पण त्यांची एकही प्रत आज हाती नाही. 1684 मध्ये तर पोर्तुगीज सत्तेनं स्थानिक भाषेच्या वापरावरच घाला घातला. तरी भाविक कुटुंबांनी हातानं नकला करून त्या ओव्या जपल्या आणि अशाच हस्तलिखितांवरून 1907 मध्ये मंगळूरला सालढाणा यांनी पुस्तक पुन्हा छापलं. छापील प्रती गेल्या आणि हातानं लिहिलेल्या उरल्या.

आता ज्यांना कुणी साहित्य म्हणत नाही, त्यांच्याबद्दल. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंझार आणि काळा पहाड यांच्यापायी दोन पिढ्या वाचायला शिकल्या, गिरणगावापासून तालुक्याच्या गावापर्यंत. भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांत त्यांच्या पानांची लक्तरं झाली. पण ‘हलकं’ म्हणून ती जपली कुणी? आपल्या शहरातल्या सर्वात मोठ्या ग्रंथालयात जाऊन विचारा, अर्नाळकरांची किती पुस्तकं शिल्लक आहेत. उत्तर ऐकून मला राग येतो. ज्या पुस्तकांनी लोकांना वाचनाची सवय लावली, ती संस्थांनी सांभाळायचीच असतात. जात्याच उत्तम असलेल्या साहित्यासाठी अभ्यासक मिळतात. रहस्यकथेसाठी अजून एक मालशे मिळायचा आहे.

याउलट ‘रुचिरा’. कमलाबाई ओगले यांचं शालेय शिक्षण चौथीपर्यंत. 1970 मध्ये किर्लोस्करांनी त्यांचं हे पाककृतींचं पुस्तक काढलं आणि ते लाखांनी खपलं. वाटी आणि चमच्यानं माप सांगण्याची त्यांची रीत ही मराठी गद्यातली एक स्वच्छ, नेमकी शैली आहे, असं माझं मत आहे. कुठे विशेषण नाही, पाल्हाळ नाही, आणि पहिल्यांदा स्वयंपाकघरात शिरलेला मुलगाही त्या वाक्यांच्या भरवशावर आमटी करू शकतो. सूचना लिहिणं किती अवघड असतं, हे सरकारी अर्ज भरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अमेरिकेला निघालेल्या कितीतरी मराठी मुलींच्या बॅगेत हे पुस्तक गेलं. त्याला संपादकानं किंवा संशोधकानं वाचवण्याची गरज पडली नाही. हळदीचे डाग पडलेल्या प्रतींनी ते काम केलं.

कवितेचं तसं होत नाही. अरुण कोलटकरांसारखा कवी छापायला सहजी राजी नसायचा. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ 1977 ची, आणि मोठा ऐवज ‘भिजकी वही’ आली ती 2003 मध्ये; पुढच्याच वर्षी कोलटकर गेले. मधल्या काळात अशोक शहाणे नावाचा मित्र आणि त्याचं ‘प्रास प्रकाशन’ नसतं, तर जगभरातल्या दुःखी बायकांना एका ग्रंथात आणून बसवणारी ही कविता वेळेत पुस्तकात आली असती का, याची मला शंका आहे. शहाण्यांना यातून पैसा मिळणार नव्हता. कविता चांगली आहे, एवढंच त्यांना पुरेसं होतं.

हे सगळं आज लिहायचं कारण साधं आहे. आपल्या गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांत जुन्या पुस्तकांचं निर्लेखन होतं. जीर्ण झालेली, कुणी न नेणारी पुस्तकं यादी करून बाद होतात आणि वजनावर जातात. जागा नसते, अनुदान अपुरं असतं, सेवकांचे पगार थकलेले असतात; त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण ती यादी बघायला सभासदांपैकी कुणी जात नाही, हा दोष आपला आहे. आपण वर्गणी भरता ना? मग ग्रंथपालांना सांगून ठेवा की, यादी झाली की मला बोलवा. एक दुपार काढून ती वाचा. जे नाव ओळखीचं नाही ते पुस्तक आधी उघडा. दहा पानं वाचून जे सोडवत नाही, त्याच्यावर खूण करा, ते बाद होऊ देऊ नका, आणि ते कुठल्या विषयाचं आहे हे बघू नका: शेतीचं असो, रहस्यकथा असो, नाटकाची फाटकी संहिता असो.