अर्थिंगवाले मामा

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं जिल्ह्यात सगळेच म्हणतात. ते खरं करून दाखवायचा ठेका मात्र मामांनी एकट्यानं घेतलाय. जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत कुठल्याही गावात जा, निवृत्त वायरमन असलेला असा एक मामा भेटतोच. खिशात टेस्टर, तोंडात एकच सवाल : "अर्थिंग केलं का?" स्थळ बघायला गेले तरी आधी मीटरखालचा खड्डा बघतात, मुलाचा पगार मग.

१० टक्के भरून 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतला पंप आखाड्यावर बसला, की शेजारी पेढे खायला येतात; मामा पाना घेऊन येतात. "ही वायर नुसती टेकवली रे! अॅल्युमिनियमच्या फ्रेमवर थर असतो, त्यातून करंट जात नसतो. दातेरी वॉशर टाकून आवळ, थर ओरखडला पाहिजे."

बसवणारं पोरगं वैतागतं, "मामा, सोलर हाय. लाईट थोडीच हाय?"

झालं! "लेकरा, ओळीनं जोडलेले पॅनल शेकडो व्होल्ट देतात. अन् सूर्याला मेन स्विच नसतो!"

मग व्याख्यान. सांगाडा, कंट्रोलरची पेटी, पंप, सगळ्यांचं लोखंड एका पट्टीनं बांधायचं. लाइटनिंग अरेस्टरचा खड्डा वेगळा, पण तोही खालून त्याच पट्टीला जोडायचा. नाहीतर वीज पडली की दोन खड्ड्यांतला फरक कंट्रोलर जाळून वाट काढतो. "भावकीसारखं समज. सगळे एका पातळीवर, म्हणजे भांडणच नाही."

"अशी भावकी कुठं पाहिली, मामा?"

मामा ऐकत नाहीत. त्यांचं लक्ष सांगाड्याला बांधलेल्या म्हशीकडं गेलेलं असतं. "सोड आधी तिला! वीज पडली की करंट जमिनीतून पसरतो. पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून जनावर आधी जातं."

वैशाखात काळ्या रानाला भेगा पडतात. माती सुकली की कोळसा-मीठ घातलेला खड्डाही नावापुरता उरतो. तेव्हा मामा घागर घेऊन बांधाबांधानं फिरतात. गाव टँकरची वाट बघतं अन् हे खड्ड्याला पाणी पाजतात, म्हणून लोक हसतात.

हसा खुशाल. मामांचा जाच आहे, पण म्हणणं सोळा आणे खरं आहे. मृगाआधीच आभाळ कडाडायला लागतं. तेवढ्यात आखाड्यावरचे नट आवळून घ्या, खड्ड्यात दोन घागरी ओता. मामा यायच्या आत उरकलंत, तर व्याख्यानही चुकेल.