‘ज्ञ’ जुळवण्याची नियमावली

ज्या मुलामुलींच्या नावात ‘ज्ञ’, ‘व’, ‘ऋ’ किंवा ‘क्ष’ यांपैकी एखादे तरी अक्षर आहे, त्यांच्या पालकांना ही नियमावली बंधनकारक आहे. अमोल, सुमन, निमा यांच्या आईवडिलांनी देवापुढे साखर ठेवून पान उलटावे.

व्याख्या. ‘अर्जदार’ म्हणजे मुलगी. ‘पालक’ म्हणजे मी. ‘चालतंय’ म्हणजे पूर्वी कार्यालयांत अस्तित्वात असलेली एक उदार तरतूद. ती आता रद्द झाली आहे (कलम ४ पाहावे).

कलम १. कागदांवरची नावे जुळली नाहीत, की सर्वप्रथम दोषी कोण ते ठरवावे.

पालक बहुधा कॉलेजच्या खिडकीतल्या मॅडमना दोषी ठरवून मोकळे होतात. तसे करू नये. घरी यावे, फाईल उघडावी आणि जुन्या अर्जांवरचे अक्षर कोणाचे आहे ते निरखून पाहावे. आमच्या प्रकरणात ते माझे निघाले.

हकिगत अशी. मुलीचे नाव प्रज्ञा. नगरपालिकेच्या जन्मदाखल्यावर तिच्या इंग्रजी नावात ‘डी एन वाय’ आहे, म्हणजे अख्खा महाराष्ट्र ‘ज्ञ’ जसा लिहितो तसा. आधारची सुरुवात २०१० साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावातून झाली. पण आम्ही त्या वर्षांत बदलीवर भोपाळला, त्यामुळे मुलीचे आधार तिकडे निघाले. तिकडे ‘ज्ञ’ला ‘ग्य’ म्हणतात. टाइप करणाऱ्या मुलाने अदबीने विचारलेही, ‘‘प्रग्या ही ना, भाईसाब?’’ मला वाटले, उच्चार विचारतोय. मी मान हलवली. ‘जी वाय’ लागले.

तिसरा प्रकार मात्र कोणी माझ्याकडून वदवून घेतला नाही. शाळाप्रवेशाचा अर्ज मी स्वतः भरला. मला दहावीला संस्कृतात ९२ गुण होते, आणि ही गोष्ट मी अजून कोणाला विसरू दिलेली नाही. ‘ज्ञ’ म्हणजे ज् अधिक ञ. त्यात ‘डी’ आला कुठून? म्हणून मी ठसठशीत ‘जे एन’ लिहिले. ही म्हणाली, ‘‘अहो, राज्यातल्या झाडून सगळ्या ज्ञानेश्वरांना डी एन वाय चालतं. आपलीच मुलगी काय पाणिनीकडे शिकायला जाणार आहे?’’ मी तिला व्युत्पत्ती समजावून सांगितली. शाळेने अर्जावरून जनरल रजिस्टर भरले, रजिस्टरवरून दहावीचा फॉर्म भरला गेला आणि मंडळाने तेच प्रमाणपत्रावर छापले.

पुढे एका राष्ट्रीय परीक्षेच्या केंद्रावर पर्यवेक्षकांनी हाक मारली, ‘‘प्रजना कौन है?’’ मुलगी शांतपणे इकडेतिकडे बघत बसली. कोणी बिचारी गैरहजर असेल, असे तिला वाटले.

कलम २. कोणता कागद हलवावा आणि कोणता हलवू नये.

दहावीचे प्रमाणपत्र हा खुंटा. बाकीची गुरे त्याला आणून बांधायची. गुरांसाठी खुंटा उपटायचा नाही. दहावीच्या प्रमाणपत्रात नाव बदलायचे तर शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा, शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता, मग नऊपैकी आपले जे विभागीय मंडळ असेल त्याची पायरी, असा प्रवास आहे. शाळा सोडून वर्षे झाली असली तर तो आणखी लांबतो. त्यापेक्षा दहावीची गुणपत्रिका घेऊन आधार केंद्रावर जावे आणि आधारातले नाव तिच्यासारखे करून घ्यावे. मात्र नीट वाचून पावतीवर सही करावी, कारण आधारात नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. मुलींच्या बाबतीत त्यातली एक संधी लग्नासाठी राखून ठेवण्याची पद्धत आहे. आमची मुलगी म्हणते, ती नाव बदलणार नाही, तेव्हा दोन्ही संधी बाबांच्या चुकांसाठी उपलब्ध आहेत.

मोबाईल क्रमांकही तेव्हाच तपासावा. आमचा ओटीपी भोपाळच्या एका बंद पडलेल्या नंबरावर जात होता.

हा सगळा खटाटोप कशासाठी? तर आता कॉलेजचे गुण कॉलेजपाशी राहत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली नियम काढून श्रेयांकांची एक राष्ट्रीय बँक सुरू केली. तिचा १२ अंकी क्रमांक डिजिलॉकरमधून काढायचा. डिजिलॉकर आधारावरचे नाव उचलते आणि विद्यापीठ दहावीवरचे नाव पाठवते. आमच्या प्रज्ञाचे पहिल्या सत्राचे २२ श्रेयांक असेच दारात उभे राहिले. आत प्रग्या बसलेली, बाहेरून प्रजना बेल वाजवतेय. म्हणून क्रम लक्षात ठेवावा : आधी आधार, मग डिजिलॉकरमधली माहिती ताजी करणे, मग कॉलेजच्या खिडकीत लेखी अर्ज, आणि त्या अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये, मागचा माणूस कितीही खाकरला तरी.

कलम ३. आडनाव.

आपल्याकडे मंडळ आडनाव आधी छापते, आधार शेवटी. राष्ट्रीय पोर्टलवर ‘फर्स्ट नेम’ असा रकाना आला की पुष्कळ मराठी पालक प्रामाणिकपणे जे नाव फर्स्ट येते तेच भरतात, आणि पोरीला ‘डिअर जाधव’ म्हणून पत्र येते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात तर राज्याने आईचे नावही घातले आहे : मूल, आई, बाप, आडनाव. निर्णय चांगलाच आहे. फक्त ही मुले २०४२च्या सुमारास प्रवेशाला येतील, तेव्हा रकाने तीनच नसावेत, एवढी विनंती आजच करून ठेवतो.

कलम ४. ‘चालतंय’ तरतूद रद्द झाल्याबाबत.

माझ्या स्वतःच्या प्रवेशाच्या वेळी दाखल्यावर दत्तात्रय आणि गुणपत्रिकेवर दत्तात्रेय असे होते. हेडक्लार्कनी चष्म्यावरून आधी कागद पाहिले, मग माझा चेहरा, मग शेजारी उभ्या असलेल्या माझ्या वडिलांची, अण्णांची, टोपी. म्हणाले, ‘‘चालतंय,’’ आणि शिक्का मारला. त्या एका शब्दावर माझी पदवी, नोकरी आणि निवृत्तिवेतन उभे आहे. यंत्राला टोपी दिसत नाही. त्याला ‘त्र’ आणि ‘त्रे’ दिसतो.

हे लिहिताना माझा गळा दाटून येतो, पण खरे सांगायचे तर ते ‘चालतंय’ सगळ्यांचे चालत नसे. अण्णा आणि हेडक्लार्क एकाच आळीतले. माझ्यामागे रांगेत वाडीवरचा एक मुलगा होता. त्याच्याही नावात असाच काहीसा घोळ होता, आणि त्याला ‘‘उद्या ये’’ म्हणाले. तो उद्या आला का, हे मी कधी पाहिले नाही. यंत्र निदान दोघांनाही सारखेच छळते.

कलम ५. या कलमाची मूळ प्रत कार्यालयात जमा आहे.

कलम ६. प्रतिज्ञापत्रासाठी मुद्रांक विकत घेण्यापूर्वी तो लागतो का, हे विचारावे. विद्यार्थ्यांच्या कित्येक दाखल्यांसाठी राज्यात मुद्रांक शुल्क माफ आहे, आणि २०१५पासून बऱ्याच कामांना साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र पुरते. ही माहिती मला ५०० रुपयांचा मुद्रांक घेतल्यावर मिळाली. तो कोरा पडून आहे. कोणाशी कसला करार करावा, याचा विचार चालू आहे.

कलम ७. डिंक घरून न्यावा.

कलम ८. निकाल.

चार महिन्यांनी सर्व कागद ‘जे एन’वर आले. म्हणजे ज्या पालकाने घोळ घातला, त्याच्याच शुद्धलेखनाचा देशपातळीवर विजय झाला, आणि ज्या मातेचे म्हणणे पहिल्यापासून बरोबर होते, तिला पुढची किमान चाळीस वर्षे मुलीचे नाव चुकीचे वाचावे लागणार. या विषयावर आमच्या घरी अजून मोकळेपणाने बोलणे होत नाही.

श्रेयांक मात्र आत गेले. मुलीने मोबाईलवर दाखवले, २२च्या २२. मग तिचे बोट खाली सरकले. ‘‘बाबा, इथे वडिलांचं नाव दत्तात्रय आहे. तुमच्या आधारवर दत्तात्रेय.’’

‘‘राहू दे गं. चालतंय.’’

तिने हात पुढे केला. ‘‘तुमचं आधार द्या. दहावीचं प्रमाणपत्र पण. आणि जुना अर्ज असेल तर बघू, अक्षर कोणाचं आहे ते.’’

माळ्यावरच्या बिस्किटांच्या डब्यात माझ्या शाळाप्रवेशाचा पिवळा पडलेला अर्ज सापडला. ‘दत्तात्रय’ बोरूने लिहिले होते, ‘य’ची शेपटी लांब डावीकडे ओढलेली. अण्णा बाजाराच्या यादीतही ‘य’ तसाच काढत.