सेटिंग चाललंय

शाहूपुरीत मामांना कुणी 'काय चाललंय?' असं विचारत नाही. उत्तर गल्लीला पाठ आहे : "सेटिंग चाललंय." दूध आणायला निघालेले मामा, स्टेशन रोडला चहाच्या गाड्यावर उभे असलेले मामा, भाच्याच्या लग्नात अक्षता टाकायच्या सोडून मुठीत धरून बसलेले मामा, सगळीकडे सेटिंगच चाललेलं असतं. नवख्याला वाटतं, गृहस्थ महापालिकेचं तिकीट लावून घेताहेत. तसं काही नाही. मामांनी घरामागच्या जुन्या गुळाच्या गोदामात एक सीएनसी मशीन बांधलंय. संगणकानं हुकूम सोडायचा आणि मशीननं लाकडावर, अॅक्रिलिकवर नक्षी कोरायची, असा तो मामला आहे. मशीन तयार आहे. फक्त सेटिंग राहिलंय. गेली काही वर्षं तेवढंच राहिलंय.

असा माणूस इतर गावांत गावाला एक असेल. कोल्हापुरात गल्लीला एक असतो. उद्यमनगर हाकेच्या अंतरावर असल्यावर दुसरं काय होणार! बाहेरदेशीचा हौशी माणूस असलं मशीन प्लायवूडवर नाहीतर अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर उभं करतो. मामांनी पॅटर्न करून घेऊन बिडाचं कास्टिंग ओतवलं. "हलता कामा नये," एवढीच त्यांची अट होती. ती इतकी पुरी झाली की पुढं गोदामाची फरशी बदलताना गवंड्यानं मशीनच्या भोवतीनं नवी फरशी बसवली आणि मशीनखालची जुनी तशीच ठेवली.

मशीन चालू केलं की आपण नेमके कुठं आहोत हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून ते आधी कोपऱ्यात जाऊन लिमिट स्विचला टेकतं आणि तिथून अंतर मोजायला लागतं. याला होमिंग म्हणतात. मामांचं बोलणंही होमिंग केल्याशिवाय पुढं सरकत नाही. "मामा, आमची पाटी कधी मिळणार?" असं विचारलं की मामा १८९५ सालाला जाऊन टेकतात. "त्या साली शाहू महाराजांनी ही पेठ वसवली. गुळाची बाजारपेठ!" तिथून बाबूराव पेंटर. "बाबूरावांनी दामल्यांना हाताशी घेऊन कॅमेरा इथंच बनवला. मग १९२० ला 'सैरंध्री' काढला. म्हंजे आधी यंत्र, मग कला. पाटी घाईत होत नसतीय." पत्ता विचारणाऱ्याचंही असंच होतं. शाहूपुरीच्या गल्ल्यांना पहिली, दुसरी, तिसरी असे नंबर आहेत. मामांना याचा फार अभिमान. "व्हीनस कॉर्नर झिरो धर," असं म्हणून ते पाहुण्याला एक्स आणि वायमध्ये वाट सांगतात. पाहुणा रिक्षा करतो.

मामांच्या मशीनचं पहिलं पर्व मॅक थ्रीचं. हे सॉफ्टवेअर विंडोजवर चालायचं आणि प्रिंटरच्या जुन्या पंचवीस पिनांच्या पोर्टातून मोटारींना इशारे द्यायचं. त्यासाठी मामांनी एक्सपीवाला एक संगणक मिळवला आणि त्याला सोवळ्यात ठेवलं. त्याला इंटरनेट नाही, पेनड्राइव्ह नाही, घरातल्या पोरांचा हात तर नाहीच. लायसन न घेता मॅक थ्री वापरलं तर एका फायलीतल्या ५०० ओळीच चालतात. मामांचा पहिला गणपती पाचशेव्या ओळीला सोंडेच्या निम्म्यात थांबला. "लायसन घ्या की," पोरं म्हणाली. मामांनी ते मनाला लावून घेतलं. बारीक बारीक सरळ रेघांनी कोरलेली वळणं काढून टाकली, त्या जागी जी-टू आणि जी-थ्री या कमानींच्या आज्ञा हातानं लिहिल्या, आणि अख्खा गणपती मूषकासकट ४९८ ओळींत बसवला. उरलेल्या दोन ओळींत काय घालावं याचा विचार चालू असतानाच संगणकाचा मदरबोर्ड गेला.

नव्या संगणकाला तो पोर्टच नव्हता. मग दुसरं पर्व सुरू झालं, ग्रबलचं. सिमेन स्वाले स्कोग्सरुड नावाच्या नॉर्वेच्या माणसानं २००९ साली या सॉफ्टवेअरचं काम सुरू केलं आणि सगळ्यांसाठी फुकट खुलं ठेवलं. तळहाताएवढ्या आर्डुइनो बोर्डावर ते बसतं. त्या बोर्डाची प्रोग्रामची जागा सगळी मिळून ३२ किलोबाइट. "तुमचा सकाळचा गुलाबाचा फोटो ह्याच्यापेक्षा मोठा असतोय," मामा व्हॉट्सअॅपवाल्यांना सुनावतात. "आणि हितं तेवढ्यात तीन मोटारी नाचत्यात."

ग्रबलमुळं मामांची गल्लीतली पत मात्र भलत्याच कारणानं वाढली. त्यातल्या प्रत्येक सेटिंगच्या आधी डॉलरचं चिन्ह असतं. डॉलर १०० म्हणजे एक मिलिमीटर सरकायला मोटारीनं किती पावलं टाकायची, डॉलर ११० म्हणजे कमाल वेग किती, डॉलर १२० म्हणजे तो वेग किती झपाट्यानं गाठायचा. मामा कट्ट्यावर बसून फोनवर मोठ्यानं बोलायचे : "डॉलर १०० चारशेवर ठेवलाय, तो तिथंच राहू दे. पण डॉलर १२० आजच्या आज उतरव, न्हाईतर बुडशील!" हे ऐकून शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर एके संध्याकाळी ठेवीची पावती घेऊन आले. "मामा, आमचेबी थोडे लावा." वेग एकदम वाढवला की मोटार पावलं चुकवते आणि नक्षी सरकते, हे मामांनी त्यांना समजावून सांगितलं, अर्थात १८९५ पासून. मास्तर रात्री जेवूनच गेले. ठेव वाचली.

चारशे हा आकडा मामांनी स्वतः काढला, याची त्यांना धन्यता वाटते. मोटारीच्या एका फेऱ्याची पावलं २००; ड्रायव्हर त्या प्रत्येकाचे सोळा तुकडे करतो, झाली ३,२००; एका फेऱ्यात स्क्रू पुढं नेतो ८ मिलिमीटर; भागाकार ४००. हे गणित त्यांनी घरच्या कॅलेंडरवर, गॅसचा नंबर लावल्याच्या तारखेखाली लिहून ठेवलंय. मामींनी वर्ष संपल्यावरही ते कॅलेंडर उतरवलेलं नाही. "काढलं तर परत काढत बसतील," त्या म्हणाल्या, "आणि मी पोळ्या लाटत ऐकत बसतो."

मग अलार्मचा हंगाम आला. कोरायचं पातं फिरवणारा स्पिंडल सुरू केला की पडद्यावर 'अलार्म १' यायचा. म्हणजे मशीन लिमिट स्विचला जाऊन आपटलं. प्रत्यक्षात मशीन टेबलाच्या मधोमध उभं. त्यानंतर कुठलीही आज्ञा द्या, उत्तर एकच : 'एरर ९', कुलूप लागलंय. मोटारीच्या तारेतला खरखराट स्विचच्या तारेत उतरत होता आणि बिचाऱ्या बोर्डाला तो स्विच दाबल्यासारखा वाटत होता. मामांनी तारा वेगळ्या केल्या, जाळीवाली केबल आणली, स्विचला कपॅसिटर जोडले. शेवटी अंगणात खड्डा खणून नवीन अर्थिंगच घातलं. त्यासाठी कोळसा विकत आणला आणि खडेमीठ स्वयंपाकघरातून उचललं. त्या दिवशीची आमटी अळणी झाली; अलार्म मात्र बंद झाला.

आठच दिवसांत तो परत आला, आणि या वेळी स्पिंडल बंद असताना. आता मात्र मामा हादरले. गावात कुणी करणी, कुणी वास्तू, कुणी विंडोजचं अपडेट अशी कारणं सांगितली. मामा भिंग घेऊन स्विचसमोर बसले. त्यांचा लिमिट स्विच प्रकाशाचा होता : एका खाचेतून किरण जातो, तो अडला की मशीन थांबतं. दुपारी तीनच्या सुमाराला गुन्हेगार आला. गोदामाच्या भिंती कैक वर्षांचा गूळ प्यालेल्या; तिथून निघालेला एक मुंगळा खाचेत येऊन निवांत उभा राहिला. मामांनी मशीनभोवती हळदीची रेघ ओढली आणि वहीत नोंद केली : 'अलार्म १, कारण : मुंगळा.' असल्या नोंदींच्या तीन वह्या आहेत. मामा त्या कुणाला उसन्या देत नाहीत.

पण मामांना खरा घाम फोडला तो मराठीनं. इंग्रजी अक्षरं सुटी, एकमेकांशी देणंघेणं नसलेली. मराठी अक्षरांना डोक्यावर एक रेघ. फाँटमध्ये प्रत्येक अक्षर आपापली रेघ घेऊन येतं आणि तिचं टोक शेजाऱ्याच्या रेघेवर जरासं चढवतं. डोळ्याला ती अखंड दिसते. कोरायचा मार्ग काढणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र एकमेकांत घुसलेल्या दोन वेगळ्या कडा दिसतात, आणि ते इमानानं दोन्ही कोरतं. पाटीवर प्रत्येक जोडाला चीर. आधी सगळी अक्षरं जोडून एकच आकार करून घ्यायचा, ही युक्ती सापडायला मामांना बराच काळ लागला. त्यात एका जुन्या सॉफ्टवेअरला पहिली वेलांटी अक्षराच्या अलीकडं असते हेच माहीत नव्हतं. 'शिवकृपा' बंगल्याची सागवानी पाटी 'शविकृपा' होऊन बाहेर आली. तेव्हापासून मामा मजकूर इंकस्केपमध्ये लिहितात, तिथंच त्याच्या अक्षरांच्या रेषा करून घेतात आणि मग मशीनला देतात. 'शिवकृपा'च्या मालकांनी मात्र तोवर ब्रशवाल्या पेंटरकडून पाटी रंगवून घेतली. त्यानं ना होमिंग केलं ना शाहू महाराज काढले. चहा यायच्या आत वेलांटीसकट मोकळा झाला.

एवढं असून गावात मामांना मान आहे, आणि तो फुकटचा नाही. कुंभार गल्लीतल्या एका पोरानं २०१८ ला थर्मोकोलवर बंदी आल्यावर लाकडी मखरं कापायला तयार मशीन घेतलं. ते आलं आणि गप्प बसलं. पोरानं मामांना फोन लावला.

"मामा, पोर्टच दिसंना."

"बोर्ड चायनीज हाय न्हवं? सीएच-३४० चा ड्रायव्हर टाक."

दहा मिनिटांनी परत फोन. "मामा, सगळं उलटं कापायलंय. आरशात बघितल्यागत."

"डॉलर ३. एका मोटारीची दिशा फिरव."

परत फोन. "मामा, एवढंसं फूल काढाय सांगितलं तर टेबलाभाईर निघालंय!"

"वरची ओळ वाच. जी-२० हाय? म्हंजे इंच. तू मिलिमीटरच्या मापात बसलायस, त्यो पंचवीस पूर्णांक चार पट पळायलाय. जी-२१ कर."

मामा हे सगळं खुर्चीतून न उठता, डोळे मिटून सांगतात. मोबदला घेत नाहीत. १८९५ पासूनचं ऐकून घ्यावं लागतं, तेवढीच फी. शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंत अशी कितीतरी मशीनं मामांच्या फोनवर चालू झाली आणि पोटापाण्याला लागली. "ह्यांचं एक सोडलं तर गावातली सगळी चालत्यात," असं मामी म्हणतात. मामांना ती आपली स्तुती वाटते. खरं तर ती स्तुतीच आहे. बाकीच्यांची मशीनं रोज तेच ते कापतात, त्यामुळं ती बिघडतात तेवढ्याच ठरावीक चार रीतींनी. मामांच्या मशीनवर रोज काहीतरी नवं करून बघितलं जातं, म्हणून ते जितक्या तऱ्हांनी बिघडता येईल तितक्या तऱ्हांनी बिघडून झालंय. दुसऱ्याचं दुखणं फोनवर ओळखता येतं ते त्याच्या जिवावर.

यंदा चतुर्थीला मामांच्या घरी त्या पोरानं मखर पाठवलं. घरचं मखर घरच्या मशीनवर करायचं ठरलं होतंच, पण... असो. मूर्ती दारात आली, मामी तांदूळ-पाणी घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या, आणि मामा दोन फुटी स्टीलपट्टी घेऊन मखरात शिरले.

"सहाशेचं पाचशे अठ्ठ्याण्णव आलंय," आतून आवाज आला.

"अहो, देव दारात हाय. दोन मिलिमीटरनं अडायलाय व्हय त्यो?"

मामांनी पूजेच्या यादीच्या पाठीवर भागाकार केला आणि मूर्ती उंबऱ्यात असतानाच फोन लावला. "तुझा डॉलर १०० चारशे एक पूर्णांक तीन कर. कापणी कमी पडायलीय."

"मामा," पलीकडून पोरगं म्हणालं, "चाळीस मखरं गेली. एकाबी गणपतीनं तक्रार केली न्हाई."

"गणपती तक्रार करत नसतोय, लेका," मामा म्हणाले. "मिस्त्री करतोय."