तडजोडीची खुर्ची

शिरूरची घोड नदी भीमेला मिळून निमूटपणे दौंडाकडे वाहत जाते. शिरूरची माणसे मात्र दौंडास जातात ती कधी रेल्वेसाठी, कधी सोयरिकीसाठी आणि क्वचित, महसूल कचेरीत अव्वल कारकुनी करण्यात ज्यांची उभी हयात गेली त्या आमच्या मामांप्रमाणे, बिघडलेल्या मिक्सरची दाद मागण्यासाठी. दौंडास दिलेल्या भाचीच्या रुखवतातील हे यंत्र पहिल्याच चटणीला धूर ओकून निवर्तले होते.

रीतसर मार्ग मामांस अवगत होते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये 5 लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीस फी पडत नाही, आयोगाला मध्यस्थी कक्षही जोडलेला असतो. परंतु जिल्हा आयोग पुण्यात, आणि शिरूरहून निघालेल्या फिर्यादीस वाघोलीच्या वाहनकोंडीतून कोणताही कायदा सूट देत नाही. शिवाय 1974 साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, तेव्हापासून मामांचे ठाम मत असे, की व्यापारी न्यायाधीशाला भीत नाही, कारण तारखा पडतात हे त्यालाही ठाऊक असते. तो भितो पुढच्या गिऱ्हाइकाला.

म्हणून ऐन बाजारच्या दिवशी, अस्सल पावती व तिच्या नकला घेऊन, मामा दुकानात दाखल झाले. शेठजींनी गणपतीच्या तसबिरीखालच्या पाटीकडे बोट केले : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’

“बिलावर मुदत नसेल तर सदोष माल तीस दिवसांत परत घ्यावा लागतो, शेठ. नकार देणं ही अनुचित प्रथा,” मामा शांतपणे म्हणाले आणि दारालगतच्या खुर्चीवर स्थानापन्न झाले.

“कंपनीला कळवतो, काका.”

“कळवा की. मी बसलोय.”

पुढे वादविवाद झालाच नाही. येणाऱ्या प्रत्येकाचे मामा अगत्याने स्वागत करीत. “मिक्सर बघताय का, ताई? छान. पावती मात्र जपा हो,” असे म्हणून मांडीवरील मृत यंत्रावर हळुवार हात फिरवीत. ताई पावतीऐवजी पर्स जपून बाहेर पडत.

“काका, आत पंख्याखाली बसा ना!”

“नको, इथं वारा छान येतो.”

दुसऱ्या चहाच्या आत नवा मिक्सर आला. शेठजींना ‘तक्रार नाही’ एवढे दोन शब्द लिहून हवे होते. मामांनी ‘उभयपक्षी राजीखुशीने, कोणत्याही दडपणाविना’ येथून आरंभ करून पानभर मजकूर सिद्ध केला. ‘दडपणाविना’ या शब्दापाशी शेठजी किंचित थबकले, पण सही केली, आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, “काका, असले आठ नग पडलेत माझ्याकडं. कंपनी घेतच नाही. पुण्याला त्यांच्या हापिसात बसायला याल का एकदा?”

“येईन की,” मामा म्हणाले, “पण इथून रेल्वेनं. तिकीट तुमचं.”