कावळ्याचा भूतकाळ

हेन्री मिल्स नावाच्या दहा वर्षांच्या अमेरिकन मुलाची वंशावळ काढायला घेतली, तेव्हा जुन्या कॅलेंडरचं एक पाठकोरं पान पुरेल असं मला वाटलं होतं. माझ्या सासरच्या सात पिढ्या एका पानावर मावतात, वर कोपऱ्यात कुलदैवताचा पत्ता लिहायला जागा उरते. हेन्रीच्या चार पिढ्यांनी जानेवारी ते एप्रिल खाल्ले.

हेन्री हा 'वन्स अपॉन अ टाइम' या मालिकेतला. एबीसी वाहिनीवर ऑक्टोबर २०११ पासून मे २०१८ पर्यंत चालली, सात सीझन, १५५ भाग. माझा पाय मुरगळला होता म्हणून लेकीने ती लावून दिली आणि "आई, परीकथा आहे, डोक्याला ताप नाही," असं सांगून ती कॉलेजला गेली.

ताप असा आहे. दुष्ट राणी रेजिना शाप देते आणि परीकथांमधली सगळी माणसं उचलून मेन राज्यातल्या स्टोरीब्रुक नावाच्या गावात आणून टाकते. आपण कोण होतो ते जवळजवळ कोणालाच आठवत नाही. स्नो व्हाइट शाळेत शिकवते. पिनोकिओच्या गोष्टीतला रातकिडा मानसोपचारतज्ज्ञ झालाय. लाल टोपीवाली मुलगी खानावळीत प्लेटा पोचवते, आणि पुढे कळतं की त्या गोष्टीतला लांडगा म्हणजे तीच. राणी स्वतः गावची मेयर आहे, हे मात्र मला लगेच पटलं. चौकातलं घड्याळ सव्वाआठला थांबलेलं. अठ्ठावीस वर्षं कोणाचं वय वाढत नाही, त्यामुळे तेवढ्या काळात बाहेरच्या जगात वाढलेली स्नो व्हाइटची मुलगी एम्मा परत येते तेव्हा मायलेकी वर्गमैत्रिणी दिसतात.

आता नाती. हेन्रीची जन्मदाती एम्मा, त्याला दत्तक घेतलेली आई रेजिना. रेजिना ही स्नो व्हाइटची सावत्र आई आणि स्नो व्हाइट ही हेन्रीची आजी. म्हणजे पोराला रोज सकाळी डबा भरून देणारी बाई नात्याने त्याची सावत्र पणजी. हेन्रीचा बाप हा रम्पलस्टिल्टस्किनचा मुलगा, त्यामुळे स्नो व्हाइट आणि रम्पलस्टिल्टस्किन हे एकमेकांचे व्याही. पोरांचं लग्नच झालं नाही म्हणून मानपान राहून गेला इतकंच. एम्मा पुढे लग्न करते कॅप्टन हुकशी, आणि या हुकने पूर्वी रम्पलस्टिल्टस्किनची बायको, म्हणजे हेन्रीची दुसरी आजी, पळवलेली असते. या सगळ्यांच्या वर रम्पलस्टिल्टस्किनचा बाप. तो निघतो पीटर पॅन. चेहऱ्यावर अजून मिसरूड फुटलेलं नाही आणि हा हेन्रीचा पणजोबा! इथे मी पेन्सिल खाली ठेवली आणि चहा टाकला.

मालिकेचे कर्ते एडवर्ड किट्सिस आणि ॲडम होरोविट्झ हे दोघं आधी 'लॉस्ट'च्या लेखकांत होते, त्यामुळे सरळ पुढे जाणं त्यांना पाप वाटतं. जवळजवळ प्रत्येक भागात अर्धी गोष्ट आत्ताची, अर्धी पूर्वीची. पूर्वीची सुद्धा ओळीने नाही. आधी तिसरं वर्ष, मग पहिलं, मग जन्माआधीचं. खलनायक दिसला की समजावं, आता याचं बालपण येणार. रेजिना दुष्ट का? तिच्या प्रियकराचं, तबेल्यातल्या पोराचं, काळीज तिच्याच आईने तिच्यादेखत चिरडलं, आणि आईपर्यंत ते गुपित पोचवलं ते लहानग्या स्नो व्हाइटने. रम्पलस्टिल्टस्किन मुळात गरीब, भित्रा सूत कातणारा. पोटच्या पोरासाठी त्याने काळी शक्ती पत्करली आणि तिच्यापायी पोरच गमावलं. सात बुटक्यांमधला तो चिडका अंड्यातून बाहेर आला तेव्हा स्वप्नाळू होता; प्रेमभंगाने चिडका झाला. अंड्यातून, हो. मीही ते दृश्य मागे नेऊन पुन्हा पाहिलं.

अशाने एक पंचाईत होते. शिव्या द्यायला कोणी उरत नाही. रेजिनाचं पूर्वायुष्य पाहून मी इतकी हलले की सासूबाईंना एकदा दुपारी जवळ बसून, "तुम्ही तरुण असताना तुमचं कोणी मन दुखावलं होतं का हो?" असं विचारलं. त्या जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "किती पैसे हवेत?"

काही गोष्टी घरच्या वाटल्या. काळीज उपटून डबीत ठेवायचं, म्हणजे माणूस आपल्या ताब्यात. आपल्याकडच्या राक्षसाचा जीव पोपटात असायचा, त्याचीच ही चुलत बहीण. विसरण्याचा शाप तर दुर्वासांनी कधीच देऊन ठेवलाय. पण दुर्वासांनी तो एकदा दिला, अंगठी सापडली, विषय मिटला. इथे तिसऱ्या सीझनला पुन्हा विसरतात, पाचव्याला पुन्हा, सातव्यात गावच बदलून सिॲटलमध्ये जातात आणि पुन्हा विसरतात. विसरले की मागची सगळी भांडणं नव्याने करता येतात, हा लेखकांचा फायदा.

आणि खऱ्या प्रेमाचा मुका. कोणताही शाप त्याने तुटतो. ग्रिम बंधूंच्या स्नो व्हाइटमध्ये तो नाहीच. शवपेटी नेणारे अडखळतात, हिसक्याने सफरचंदाचा तुकडा घशातून पडतो, आणि ती उठून बसते. मुका घातला डिस्नेने, १९३७च्या सिनेमात. एबीसी ही डिस्नेचीच वाहिनी, तेव्हा घरचा मुका वापरायला परवानगी लागत नसावी. पण पहिल्या सीझनच्या शेवटी विषारी सफरचंदाची करंजी खाऊन हेन्री निपचित पडतो आणि त्याच्या कपाळावर ओठ टेकते ती त्याची जन्मदाती आई. राजपुत्र वगैरे कोणी नाही. शाप तुटतो, गावाला सगळं आठवतं. मी घळाघळा रडले. इतकं रडणं आतल्या आत ठेवलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

पण गणपतीत सोसायटीने मला बालगोपाळांसाठी गोष्ट सांगायला बोलावलं. वेळ दहा मिनिटं. विषय सेक्रेटरींनीच ठरवून दिला: काऊ-चिऊची गोष्ट, कारण बालवाडीतली मुलंही असतील. शेणाचं घर, मेणाचं घर, पाऊस. ही गोष्ट वर्षानुवर्षं एकाच बाजूने सांगितली जातेय, हे मला त्याच क्षणी दिसलं. बिचारा कावळा! भर पावसात दाराबाहेर उभा, आणि आतली बाई बाळाला न्हाऊमाखू घालत बसलेली. त्याला भूतकाळ का नसावा?

मी रात्री जागून गोष्ट रचली. चिऊताई चिऊनगरात शिक्षिका, कावळा नगराध्यक्ष, कोणालाच काही आठवत नाही, आणि सगळ्यांचं पूर्वायुष्य मधूनमधून. अडचण एकच. मालिकेत काळ बदलला की पोशाख बदलतात, केशरचना बदलते. माझ्याजवळ होती ओढणी. ती डोक्यावर घेतली की भूतकाळ, खांद्यावर असली की वर्तमान, असं मी मुलांना सुरुवातीलाच समजावलं. मुलांना समजलं. चूक असेल तर मंडपातल्या पंख्याची. तो बाप्पाकडे तोंड करून होता.

नगराध्यक्ष कावळा पावसाच्या पाण्याचा निचरा का झाला नाही यावर सभेत बोलत असताना मला घाम फुटला आणि मी ओढणीने कपाळ पुसलं.

"भूतकाळ!" पुढच्या रांगेतली मुलं ओरडली.

"नाही, हे आत्ताचं आहे."

"पण ओढणी डोक्यावर गेली!"

मी ती खाली घेतली. "वर्तमान!" मग त्यांना गोष्टीपेक्षा ओढणीतच जास्त रस वाटू लागला. वारा आला तरी काळ बदलायचा. एकदा ती माईकच्या स्टँडला अडकली, तेव्हा "आता कोणता काळ?" यावर दोन गटांत वाद झाला आणि बी विंगच्या मुलांनी भविष्यकाळ जाहीर केला.

चष्मा लावलेला एक मुलगा उभा राहिला. वय साधारण हेन्रीइतकं. "काकू, कावळ्याचं घर वाहून गेलं ते आधी की नंतर?"

"आधी. पण त्याला ते आठवत नाही."

"का?"

"शाप आहे ना."

"कोणी दिला?"

"चिमणीच्या सावत्र आईने."

"ती कोण?"

हे मी ठरवलंच नव्हतं. एकशे पंचावन्न भाग पोटात असल्याने तोंडातून आपोआप आलं, "कावळ्याची धाकटी बहीण."

"मग ती चिमणी आहे की कावळी?"

तेवढ्यात बालवाडीच्या मुलांचा धीर सुटला. त्यांना लहानपणापासून, म्हणजे गेली दोन-तीन वर्षं, ठाऊक असलेला तो दार वाजवण्याचा भाग यायचं नाव घेईना. त्यांनी खुर्च्यांच्या पाठी ठोकून स्वतःच दार वाजवायला सुरुवात केली. टकटक, टकटक. मागच्या पालकांनीही साथ धरली. मंडपभर दार वाजत होतं आणि मी कावळ्याच्या बालपणात अडकले होते. सेक्रेटरी आरतीचं ताट हातात घेऊन पायऱ्यांपाशी उभे होते, कापूर तयार. आरती आठची. आता थांबले असते तर कोणी काही म्हणालं नसतं. पण पीटर पॅन हातचा जाऊ द्यायला मन तयार नव्हतं. मी माईक तोंडाजवळ घेतला आणि सगळ्या टकटकीच्या वर ओरडून सांगितलं, की दाराबाहेर भिजणारा हा कावळा दुसरा-तिसरा कोणी नसून आतल्या पिल्लाचा सख्खा पणजोबा आहे!

शांतता झाली. हा धक्का असाच बसायला हवा होता. मग पहिल्या रांगेतल्या, गुडघ्यांमुळे प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या आजी शेजारणीला म्हणाल्या, "बरोबरच आहे की. पंधरवडा जवळच आलाय."

सगळ्या मोठ्यांनी माना डोलावल्या. अमेरिकेतल्या लेखकांना तीन सीझन घासून जे रहस्य जमवावं लागलं, ते आमच्या मंडपात आधीपासून सर्वांना माहीत होतं. कावळा पणजोबाच असतो. नसला तर आजोबा. एका काकांनी तर चिमणीने दार उघडायला उशीर केला हे शास्त्राला धरून नाही असं मत दिलं, त्यावर दोन बायका चिमणीच्या बाजूने बोलल्या, आणि मी व्यासपीठावरून उतरले तेव्हा सव्वाआठ झाले होते.

विसर्जन झालं, पंधरवडा लागला. सर्वपित्रीच्या दुपारी इंटरकॉम वाजला. सेक्रेटरी बोलत होते, गच्चीवरून. त्यांच्या वडिलांचं पान मांडून बराच वेळ झाला होता, घरची माणसं उपाशी ताटकळली होती, कावळा समोर कठड्यावर बसून होता आणि पानाला शिवत नव्हता. दर्भाचा करायचाही त्यांनी विचार केला होता. पण तो चष्मेवाला मुलगा वर आला होता आणि त्याने जमलेल्या मंडळींना कारण समजावून दिलं होतं: आजोबांवर शाप आहे, त्यांना ही आपली माणसं असल्याचं आठवतच नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय! तो म्हणतो, यावर एकच उपाय आहे आणि तो काकूंना माहितेय." सेक्रेटरींचा आवाज खाली आला. "वहिनी, आमच्या आई तयार झाल्यात. कावळा थांबत नाहीये."