गोसाव्याचे पाच घास

उज्जैनला जदरूप नावाचा गोसावी एका बिळात राहत असे. बिळाचं तोंड इतकं अरुंद, की किरकोळ अंगाच्या माणसालाही आत शिरताना कसरत व्हावी. १६१७ मध्ये त्याच्या भेटीला जहांगीर बादशहा आला, तोही शेवटचा पल्ला पायी तुडवत. आपल्या आठवणींत त्याने लिहून ठेवलंय, की हा गोसावी दिवसातून एकदा ब्राह्मणांच्या घरी जातो, पाच घास भिक्षा घेतो आणि न चावताच गिळतो. का? तर जिभेला चव लागू नये म्हणून! आणि हे कौतुकाने लिहिणारा कोण, तर एके काळी रोज वीस पेले रिचवल्याचा हिशेब त्याच आठवणींत देणारा माणूस.

या भेटीचं चित्र आज पॅरिसच्या गिमे संग्रहालयात आहे. मला मात्र खरी गंमत चित्रकारांची वाटते. बादशहा रंगवायचा म्हणजे जोखमीचं काम. चेहरा बहुधा एका बाजूनेच दाखवायचा, मोती न् मोती जागच्या जागी हवा. साधू समोर आला की गोवर्धनसारख्या चित्रकाराचा हात मोकळा सुटायचा. पिंजारलेल्या जटा, सुटलेलं पोट, राखेखालची मळकट कातडी, स्वतःशीच हसणारे डोळे. त्याने रंगवलेले बैरागी नक्की कुणीतरी होते असं वाटतं. सरदार मात्र बिचारे नुसते सरदार दिसतात. अंगावर लंगोटीपलीकडे काही नसलेल्या माणसासाठी खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला चालवायचा आणि भोवती सोनेरी हाशिया काढायचा! त्या बैराग्यांना कुणी विचारलं होतं की नाही, देव जाणे.

पण या मंडळींना भाबडं समजू नये. १५६७ मध्ये ठाणेसरला संन्याशांच्या दोन गटांत तुंबळ मारामारी झाली. कारण काय, तर यात्रेत भिक्षेला बसायची मोक्याची जागा! घरदार सोडलं, जागा काही सुटली नाही. जहांगीरच्या बापाने, म्हणजे अकबर बादशहाने, आधी समजूत घातली म्हणतात. कुणी ऐकेना, तेव्हा त्याने झुंजायला परवानगी दिली आणि कमी पडणाऱ्या बाजूला आपली काही माणसं अंगाला राख फासून घुसवली. अकबराचा चरित्रकार अबुल फझलने अकबरनाम्यात लिहिलंय, की बादशहा या खेळावर बेहद्द खूश झाला. अकबरनाम्यात या झुंजीचं चित्र आहे, त्याची मांडणी चित्रकार बसावनची. तलवारी, धनुष्यं, एकमेकांच्या जटा उपटायला निघालेले विरक्त, आणि घोड्यावरून शांतपणे बघणारा अकबर.

ही लढाई आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ज्यात राजांना डावलून जहांगीर एका शेखाला पुस्तक देतो, ते चित्रकार बिचित्रचं चित्र वॉशिंग्टनला. सर्वस्व सोडलेल्या या मंडळींना भेटायला आपल्याला व्हिसा लागतो. पण ही चित्रं संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर फुकट बघता येतात. अवश्य बघा, आणि आधी बादशहाला सोडून बैराग्यांकडे बघा.